पिवळ्या विहिरीचं पाणी

जिवाणू वापरून दूषित पाणी साफ करायच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी नाशिकच्या कारखान्यांमागच्या एका विहिरीचं पाणी न्यायचो. शेजारच्या, धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या शेडमधलं विषारी क्रोमियम झिरपून ते पिवळं झालं होतं. विहीर ज्यांची, त्या आजींचं नाव मी कधी विचारलं नाही. "आले का किडे पाळणारे!" म्हणून त्या हसायच्या, विहिरीवरचा पत्रा सरकवून बादली सोडायच्या आणि ती वर येताना मात्र तोंड फिरवून घ्यायच्या. प्यायला त्या टँकरचं पाणी भरायच्या.

उन्हाळ्यात आमच्या जिवाणूंनी बाटलीभर पाण्याचा पिवळेपणा घालवला. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे हे नक्की कुणाला सांगावं ते कळेना. बाटली घेऊन आजींकडेच गेलो. त्या दिवशी अक्षय्य तृतीया, म्हणजे आमच्याकडची अखजी होती. गेलेल्या नवऱ्याच्या नावाने त्यांनी मातीची घागर भरून ठेवली होती.

बाटली उन्हात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हे आपल्या विहिरीचं?"

"हो. पण प्यायचं नाही, आजी. अजून तपासण्या व्हायच्यात. अख्खी विहीर साफ होणं तर फार लांब आहे."

त्यांनी घागरीतलं पाणी तुळशीला ओतलं आणि माझी बाटली घागरीत रिकामी केली.

"आजी, अहो..."

"त्यांना आता काय व्हायचं हाय, बाळा? विहीर त्यांनीच खणली. टँकरचं पाणी त्यांना नको वाटायचं."

घागरीचा तळ जेमतेम झाकला होता. त्यांनी आत डोकावून विचारलं, "आणखी हाय का रे?"

माझ्याकडे तेवढंच होतं.