जिथं काम चालू आहे तिथं जाणाऱ्या ओव्हाळ मॅडम

डॉ. विशाखा ओव्हाळ मॅडमना मी आधी ऐकलं आणि नंतर पाहिलं. धाराशिवच्या त्यांच्या महाविद्यालयात प्राचार्यांची वाट बघत बाकावर बसलो होतो. शेजारच्या प्रयोगशाळेतून एक शांत आवाज आला, "उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे. आत्ता भांड्यात काय चाललंय ते सांगा." तामलवाडीत माझा औषधांना लागणारी रसायनं बनवणारा लहानसा कारखाना आहे. पोती उतरवण्यापासून सुरुवात करून इथवर आलो, पण हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. प्राचार्यांकडचं काम राहिलंच. मी उठलो आणि त्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

मॅडमचा विषय वर्णपटशास्त्र. त्यांनीच मला तो माझ्या भाषेत समजावला. प्रत्येक पदार्थ आपल्या वाटणीचा प्रकाश गिळतो आणि बाकीचा सोडून देतो. कोणता प्रकाश गिळला गेला ते मोजलं, की आत कोण आहे आणि किती आहे ते कळतं. मॅडमच्या यंत्राची सळई अंगठ्याएवढी जाड. ती चालू भांड्यात बुडवून ठेवायची, मग पडद्यावर दोन रेषा सरकत राहतात. कच्चा माल संपत चालला की एक उतरते, तयार माल वाढला की दुसरी चढते. "नमुना बाहेर काढला की तो मघाचा झाला," असं मॅडम म्हणतात. "जिथं काम चालू आहे, तिथंच बघायचं."

माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत आहे. विभागप्रमुख असून त्यांनी कुणाला केबिनमध्ये बोलावून जाब विचारल्याचं ऐकिवात नाही, आणि माझे कान तसे बरे आहेत. एखाद्या मुलीचा प्रयोग सारखा फसत असला तर मॅडम स्टूल ओढून तिच्या टेबलाशी जाऊन बसतात. एक मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही बघता म्हणून माझं चुकतं. मॅडमनी स्टूल फिरवलं आणि तिच्याकडं पाठ करून बसल्या. प्रयोग होईपर्यंत उठल्या नाहीत. ही सवय त्यांच्या वडिलांची. कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात ते शिक्षक होते. नव्यानं शिकू लागलेल्या बौद्ध घरांतली मुलं वर्गात मागं बसायची, म्हणून गुरुजी खुर्ची सोडून मागं, त्यांच्यात सतरंजीवर बसून शिकवायचे.

आता आमच्या कारखान्यातली गोष्ट. एक माल बनवताना बॅचमागून बॅच नासू लागली होती, आणि नासायची ती नेमकी वैजनाथच्या पाळीत. वैजनाथ मॅडमचा जुना विद्यार्थी, आमच्याकडं केमिस्ट, घरात कमावता एकटाच. काळजीनं काम करणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता. तरी चहाच्या टपरीवर बोलणं सुरू झालं, की वैज्याचा हात लागला की माल नासतो. आधी हसत बोलायचे, पुढं हसणं थांबलं. दुसरी पाळी सांभाळणारे आमचे जुने कामगार माळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेट, पोरगं लई चांगलं हाय, पण हाताला यश न्हाय." माल घेणारी कंपनी पाठ फिरवण्याच्या बेतात होती. महिनाअखेर वैजनाथला घरी पाठवायचं, हे माझंही ठरत आलं होतं. त्याआधी मी मॅडमकडं गेलो.

प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन, यंत्राची पेटी मांडीवर धरून मॅडम एसटीनं आल्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "पोरगा माझा आहे म्हणून रेष वाकडी होणार न्हाय. दिसेल ते सांगीन."

माळींच्या पाळीत कच्च्या मालाची रेष उताराला लागलेल्या सायकलीसारखी खाली गेली. वैजनाथच्या पाळीत मात्र ती मध्येच अडू लागली. रेष अडली की तो आणखी घाबरायचा, पुन्हा झाकण उघडून नमुना काढायचा, प्रयोगशाळेकडं पळायचा. लोक एकमेकांना खुणा करत होते.

पुढच्या बॅचला त्यांनी अदलाबदल केली. वैजनाथला पडद्यासमोर बसवलं आणि त्याच्यासारखेच घडीघडी नमुने काढायला माळींना सांगितलं. बॅच गेली तर चालेल का, एवढं मला विचारलं. मी हो म्हणालो. मग वैजनाथला म्हणाल्या, "काय चाललंय ते सांगत राहा."

तो सांगत राहिला. उतरतेय, उतरतेय. माळींनी झाकण उघडलं आणि रेष अडली. जरा वेळानं हलली, पुन्हा झाकण, पुन्हा अडली. वैजनाथनं पडद्यावरून मान वळवून भांड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, झाकण."

श्रावणातली दमट हवा होती. आमच्या मालातला उत्प्रेरक, म्हणजे काम पुढं ढकलणारा पदार्थ, चिमूटभर असतो आणि त्याला ओल सोसत नाही. सारखं झाकण काढून बघितल्यावर भात कसा शिजायचा, तसं ते होतं. शंका आली की नमुना काढा, ही पाटी आम्हीच भिंतीला लावलेली, आणि ती मनापासून पाळणारा कारखान्यात एकच माणूस होता.

"म्हणजे मी घेतलेली काळजीच नडली," वैजनाथ म्हणाला.

"काळजी न्हाय नडली. झाकण नडलं," मॅडम म्हणाल्या.

माळी मोकळ्या मनाचे. सगळ्यांसमोर म्हणाले, "मंजी म्या आळशी, म्हणून माझा माल चांगला." कारखाना हसला, आणि बऱ्याच दिवसांनी वैजनाथही हसला. निघताना यंत्राची पेटी उचलायला चौघे पुढं झाले. कॉलेजातली ती सगळ्यात जपायची वस्तू. मॅडमनी वैजनाथला हाक मारली आणि त्याच्या हातात दिली. त्यानंतर टपरीवर हाताचं बोलणं मी ऐकलं नाही.

मानधन मॅडमनी घेतलं नाही. मुलांना चालू कारखाना बघू द्या, एवढंच मागितलं. दर वर्षी त्यांची मुलं एसटी भरून येतात. आता आमच्या भांड्यात तशी सळई कायमची बसवली आहे आणि ती वैजनाथ सांभाळतो.

मॅडमच्या साठीनिमित्त लिहितोय म्हटल्यावर मी त्याला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "लिहा, की मॅडम यंत्र घेऊन आल्या त्या दिवशी मी डबा आणला नव्हता. दुपारीच घरी धाडतील असं वाटलं होतं. मॅडमनी त्यांच्यातली अर्धी भाकरी दिली आणि म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत बसायचंय आपल्याला."

मॅडम, महाविद्यालय तुम्हाला नियमानं निरोप देईल. आम्ही देणार नाही. गुडघे साथ देवोत, नजर अशीच स्वच्छ राहो, आणि घरी धाडले जाणार असं वाटणाऱ्या कितीतरी पोरांशेजारी तुमचं स्टूल अजून पुष्कळ वर्षं ओढलं जावो.