उंबऱ्याबाहेरून भुईआवळा

ऐंशी सालच्या सुमारास सुरगाण्याहून एक म्हातारे वैदू दर सोमवारी आमच्या नाशिकच्या कॉलेजात काविळीवरचा भुईआवळा घेऊन येत. जुडी आधी कपाळाला लावत, मग माझ्या हातात देत. नाव मी कधी विचारलं नाही, बाबा म्हणायचो.

प्रबंधासाठी मी रसायन देऊन उंदरांचं यकृत बिघडवत होतो. अर्ध्यांना भुईआवळ्याचा अर्क देत होतो, अर्ध्यांना नाही. दोन्ही गटांत फरक दिसला, तरच प्रबंध उभा राहणार होता. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच.

एके सोमवारी बिनऔषधाच्या पिंजऱ्यांतही कुरतडलेली हिरवी पानं दिसली.

"बाबा, तुम्ही टाकली?"

"व्हय. तेबी आजारीच ना?"

"त्यांना द्यायचं नव्हतं! आता सगळं पुन्हा करावं लागणार."

"औषध हातात असून आजाऱ्याला नाय म्हटलं, तं झाडाचा गुण जातो, भाऊ."

मी नवे उंदीर मागवले.

पुढच्या सोमवारी ते प्रयोगशाळेच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. चहाला बोलावलं तरी आत येईनात. जुडी कपाळाला लावून त्यांनी बाहेरूनच हात लांब केला.

"आत आलो तं ते दिसतील," म्हणाले, "अन् दिसले तं द्यावं लागंल."