गोधडीखालचा रिव्हर्ब

पहिल्या पेडलवर पाय ठेवून मी बराच वेळ गिटार वाजवली, डोळे मिटले आणि म्हणालो, "अहाहा! काय खोली आहे रे आवाजाला! मोठ्या थिएटरात बसल्यासारखं वाटतंय."

"भावोजी," माझा मेहुणा म्हणाला, "तुम्ही नुसता पाय ठेवलाय. दाबलं नाहीये अजून. लाल दिवा लागला की चालू."

बोरिवलीला त्याच्या घरी हे चाललं होतं. माझं वाजवणं ऐकायला शेजारचे एक गृहस्थ मुद्दाम येऊन बसले होते. माझ्या 'अहाहा'बरोबर त्यांनीही "वा, वा, फरक आहे" असं म्हणून टाकलं होतं. ते एकदम उठले, दूध आणायचं राहिलंय म्हणाले, आणि गेले ते परत आले नाहीत. मला मात्र उठून जायची सोय नव्हती.

मेहुणा बोटीवर नोकरीला होता. घरी आला की सगळ्यांसाठी काही ना काही आणायचा, बटण दाबल्यावर उघडणारी छत्री, वासाचे साबण, घड्याळं. या खेपेला माझ्या सांगण्यावरून त्याने जपानहून रिव्हर्बची तीन पेडलं आणली होती. त्यातलं एक माझं, उरलेली दोन त्याच्या दोस्तांची. कुठलं ठेवायचं ते मी ठरवायचं होतं. तिथेच घोडं अडलं. आयुष्यात मी शर्टाचं कापडसुद्धा स्वतः ठरवलेलं नाही.

रिव्हर्ब म्हणजे काय, हे त्या दिवसांत मी भेटेल त्याला समजावून सांगत असे. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा. टाळी संपते, पण तिचा आवाज विझायला थोडा वेळ लागतो. तो जो विझण्याचा वेळ असतो ना, तो परदेशात डब्यात भरून मिळतो. गिटारची वायर त्या डब्यातून ॲम्प्लिफायरला न्यायची, डबा पायाने दाबायचा, आणि आपण दहा बाय बाराच्या खोलीत बसून मोठ्या हॉलमध्ये वाजवल्यासारखं वाजवायचं. आवाज किती घुमावा, किती वेळ घुमावा, यासाठी वर पिळायची बटणं. ऑर्केस्ट्रातली मंडळी या सगळ्याला सरसकट 'एको' म्हणत.

दिवसा मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. संध्याकाळी घाटकोपरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटारवाला. कचेरीत मी आठवडाभर गेलो नसतो तरी माझ्या टेबलाशिवाय कुणाला पत्ता लागला नसता. ऑर्केस्ट्रात तसं नव्हतं. कितीतरी गाण्यांची सुरुवातच गिटारची असायची. मी तार छेडली की मैदानातले लोक गाणं ओळखून ओरडायचे, गाणारा पुढे यायचा, आणि तोपर्यंत सगळं माझ्या हातात असायचं. घरी, कचेरीत, कुठेच काही माझ्या हातात नव्हतं. तेवढ्या सुरुवाती होत्या.

मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आला. बँकेत नोकरी करणारा एक शांत, चष्मेवाला माणूस तो वाजवायचा. बटण दाबलं की त्यातून बासरी निघायची, व्हायोलिनं निघायची, आणि एक दिवस गिटारही निघाली. आमचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, राग मानू नका, पण तुमची गिटार कोरडी वाटते यार त्याच्यापुढे. डबा वाजतोय डबा. त्याच्यात बघा कसा एको येतो."

मी तेव्हा चाळिशीतही नीट शिरलो नव्हतो, आणि दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठे होते. पण डोक्यावरचे केस कमी झाले की माणूस ऑर्केस्ट्रात काका होतो.

मी बोटीवर मेहुण्याला लिहिलं. तो पेडलं घेऊन आला त्याच आठवड्यात, "रविवारी सकाळी हॉलवर बसू," असं दादा म्हणाले. "तुमच्या सुरुवाती ऐकू, त्याच्याही ऐकू. जे भरीव वाटेल ते गणपतीला. मंडळांचे कार्यक्रम आलेत, त्यांना कॅसेटसारखं पाहिजे ना."

म्हणून शनिवारी मी बोरिवलीहून तिन्ही पेडलं, आणि त्यांना लागणारा तो जडशीळ एकशेदहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पिशवीत घालून नाहूरला घरी आणला. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी निवड करायची होती.

आमच्या शेजारच्या घरी बारावीचं वर्ष होतं. बारावी मुलीची, पण अभ्यास तिची आई करत असल्यासारखी भिंतीला कान लावून बसलेली. आमच्याकडे चमचा पडला तरी पलीकडून खोकला यायचा. त्यामुळे घरी गिटार वाजवायची माझी पद्धत ठरलेली होती. ॲम्प्लिफायर कॉटखाली सरकवायचा, त्याच्यावर एक गोधडी, पुढे एक गोधडी, आणि फटीत उशी.

बायको कॉटवर बसून वाल सोलत होती.

"ऐक हां नीट," मी म्हटलं, आणि पहिलं पेडल दाबलं. लाल दिवा लागल्याची दोनदा खात्री करून.

"विहिरीत कळशी पडल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

दुसरं दाबलं.

"ही न्हाणीघरातली कळशी."

तिसरं.

"हे जरा बरंय. देवळात कुणीतरी लांब बोलतंय असं. पण काय बोलतंय ते कळत नाहीये."

"म्हणजे कुठलं ठेवू?"

"मला काय विचारताय? कान तुमचे, हात तुमचे."

तीच तर अडचण होती. माझ्या कानांवर माझा भरवसा सकाळपासून उडालेला होता. मी पुन्हा पहिलं लावलं, पुन्हा तिसरं लावलं. मधेच बायकोला म्हटलं, तू तोंड फिरव आणि न बघता सांग. तिने एकच पेडल एकदा छान आणि एकदा भिकार ठरवलं. मग म्हणाली, "अहो, वाल संपले माझे. आता कुकर लावायचाय. तिसरंच ठेवा, दिसायला तरी चांगलं आहे."

तिसरं ठेवलं. पण घुमतंय असं मला काही वाटेना. बटण थोडं पिळलं, आवाज गोधडीत जिरला. अजून पिळलं, तोही जिरला. दोन्ही बटणं पार टोकाला नेली तेव्हा कुठे कॉटखालून एक अंधूकशी झाक आली. गाण्याची सुरुवात त्या झाकेत अशी काही तरंगली की माझा मलाच हुंदका आला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्ताचं चांगलं होतं." झालं. मी उठून काळी चिकटपट्टी आणली आणि बटणं त्या जागेवरून हलू नयेत म्हणून दोन्ही बटणांवरून तीन वेढे करकचून मारले. वायर जोडायची असते ती चिकटपट्टी. निघत नाही, हाच तिचा गुण.

रविवारी सकाळी हॉलवर गेलो. तो हॉल एका शाळेचा होता. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या, आणि आत आमच्या सहा-सात खुर्च्या. त्या हॉलमध्ये मी कितीतरी वर्षं वाजवत आलो होतो. तिथे कुणी शिंकलं तरी दोघं शिंकल्यासारखं वाटायचं. हे मला माहीत होतं. फक्त रिव्हर्बशी त्याचा काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"चला काका," दादा म्हणाले. "होऊन जाऊ दे."

मी ऐटीत पेडल दाबलं आणि पहिला सूर वाजवला.

तो गेलाच नाही. पत्र्याला लागून परत आला, फरशीवर आपटला आणि मधोमध उभा राहिला. तोवर माझ्या बोटांनी सवयीने दुसरा सूर काढलेला. तोही त्याच्या शेजारी उभा. चौथ्या-पाचव्या सुराला तिथे इतकी गर्दी झाली की मी काय वाजवतोय ते मलाच ऐकू येईना. ड्रमवाल्याने काठ्या उचलल्या होत्या, त्या त्याने खाली ठेवल्या.

"काका," तो म्हणाला, "मी कुठून घुसू? अजून गेल्या गुरुवारचं वाजतंय."

सगळे हसले. त्या हसण्यालाही एको होता. मी वाकून बटणाची पट्टी सोडवायला गेलो. दोन्ही हातांची नखं गिटारसाठी मुळापर्यंत कापलेली, आणि उजव्या हातात तार छेडायची पट्टी. ती तोंडात धरून मी नखाविना ती चिकटपट्टी कोरत बसलो. गळ्यातली गिटार फरशीवर टेकली आणि तिनेही एक मोठा हंबरडा फोडला.

"अहो, बंद करा ना पायाने!" कुणीतरी ओरडलं.

खरंच की. मी घाबरून पाय मारला, आणि बसलं नसेल म्हणून पुन्हा मारला. म्हणजे ते बंद झालं आणि लगेच परत चालू झालं.

"तू घे रे सुरुवात," दादा कीबोर्डवाल्याला म्हणाले.

त्याने घेतली. एकेक सूर वेगळा, आणि प्रत्येकाच्या मागे बरोबर हवी तेवढी झाक. माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं ती सुरुवात जशी वाजत होती, अगदी तशी. ऐकताना मला राग यायला हवा होता. मी मान डोलावली. वाजवून झाल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, या हॉलला मुळातच एको आहे. मी माझा बंदच ठेवलाय. तुम्हीही तसंच वाजवून बघा ना एकदा."

एकदा वाजवून बघायला हरकत नव्हती. पण तोवर दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून मला दाराकडे घेऊन आले होते. त्यांचा आवाज इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

"काका, असं करू. सुरुवाती सगळ्या तो वाजवेल. पण तुम्ही पाहिजेत स्टेजवर. पब्लिकला गिटार दिसायला पाहिजे ना. गळ्यात घालून उभे राहा, हात हलवा नेहमीसारखे. फक्त वायर नको लावायला. काय?"

आता इथे माणसाने काय करायला हवं ते मला कळत होतं. गिटार खोक्यात घालायची, ताठ मानेने बाहेर पडायचं, वाटेत एक कटिंग चहा घ्यायचा आणि आयुष्यभर ही हकीकत रंगवून सांगायची. एखादं झणझणीत वाक्यही जिभेवर आलं होतं.

मी म्हणालो, "शर्ट कुठला घालू?"

"तो लाल आहे ना तुमचा, तो. झकास दिसतो लांबून."

घरी आलो तेव्हा बायको पापलेट तळत होती. मी ओट्याशी उभा राहून तिला सगळं सांगितलं, पट्टीचं, ड्रमवाल्याचं, अगदी वायर न लावण्याचंसुद्धा. हसवत हसवत सांगायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. तव्यावरचा तुकडा उलटला, गॅस बारीक केला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"गणपतीत मी समोरच बसणार आहे नेहमीसारखी. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या तेवढं आधी सांगून ठेवा."