किडा पानं उलटत नाही

"मास्तर, तुमच्या पोरीले मराठी बोलता येते का हो? का नुसतं यस-नो?"

गावात भिक्षुकी करणाऱ्या गुरुजींनी हे माझ्या पाठीमागे विचारलं, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. वडील हसले. मी मान खाली घालून चिठ्ठ्या लिहीत राहिले. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी आणि चारचौघांत काहीच नाही, अशी माझी तऱ्हा होती.

दिवाळीची सुट्टी होती. वडील मेहकरला ज्या शाळेत शिकवायचे, तिच्या ओट्यावर गुरुजींच्या घरच्या पोथ्या पसरल्या होत्या. त्या नागपूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायच्या होत्या. पेटाऱ्यावर आमच्या प्रांताचं नाव इंग्रजीत, 'सी. पी. अँड बेरार', लिहिलेलं होतं, आणि आतल्या चिठ्ठ्याही इंग्रजीत हव्या होत्या. म्हणून मला बसवलं होतं.

ग्रंथालयाने एक म्हातारे दफ्तरी पाठवले होते. पुस्तकं बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. चार दिवस मी चिठ्ठ्या कमी लिहिल्या आणि त्यांचे हात जास्त पाहिले. गुरुजींकडे दर दसऱ्याला पोथ्यांची पूजा व्हायची, ओलं कुंकू आणि अक्षता थेट पहिल्या पानावर. तांदूळ पानाला चिकटायचा आणि त्याच्या मागोमाग किडा यायचा. दुसऱ्या कुणी गुरुजींना चार शब्द ऐकवले असते. दफ्तरी दाण्याला ओला बोळा टेकवायचे, थांबायचे, मग बांबूच्या चपट्या काडीने तो उचलून गुरुजींच्या तळहातावर ठेवायचे, प्रसाद दिल्यासारखा.

"पूजा बासनाच्या फडक्याची करा, महाराज. पानाले उपाशी राहू द्या."

गुरुजी दाणा कपाळाला लावायचे.

चिकटवायच्या खळीत दफ्तरी मोरचूद घालायचे, म्हणजे ठिगळाला पुन्हा किडा लागत नाही. एकदा उजेडाकडे पान धरून मला म्हणाले, "पाह्य बाई, किडा पानं उलटत नाही. सरळ आरपार जाते. वरच्या पानाचं भोक खालच्या भोकावर बसलं, की समजायचं, हे शेजारी." मी नुसती मान हलवली. पण त्या दिवसापासून प्रत्येक पोथीच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावरची भोकं मी मोजू लागले.

पेटारा एकच, म्हणून पूर्ण पोथ्याच न्यायच्या होत्या. गुरुजींच्या पणजोबांनी स्वतः लिहिलेली औषधांची पोथी तुटकी निघाली, शेवटची पानं नव्हतीच. दफ्तरींनी ती दोनदा चाळली आणि बाजूला ठेवली.

"हाव, राहू द्या," गुरुजी म्हणाले. "अर्धी पोथी घरात ठेवून काय करू? सोडतो नदीत."

जीर्ण पानं पैनगंगेत सोडायची त्यांच्याकडे रीत होती. कडा खाल्लेली, आकडे गेलेली सुटी पानं त्यांनी घरूनच एका धोतराच्या फडक्यात बांधून आणली होती. दफ्तरींच्या हाती ती कधी आलीच नाहीत.

शेवटच्या दिवशी दफ्तरी पेटाऱ्याची कडी लावत होते. गुरुजींनी फडकं सोडलं, तुटकी पोथी आत ठेवली आणि वर झेंडूचं फूल वाहिलं. पोथीच्या शेजारचं सुटं पान मला दिसलं. दोन भोकं जवळजवळ, तिसरं लांब, कोपऱ्याकडे. अशीच तीन मी पोथीच्या शेवटच्या पानावर मोजली होती.

गुरुजींनी गाठ मारली. वहाणा पायात सरकवल्या. दफ्तरी पाठमोरे होते, वडील पोथ्यांची यादी वाचत होते. म्हणजे पाहिलं होतं ते मी एकटीनेच. घशाशी आलेलं पहिलं वाक्य इंग्रजी होतं, ते मी गिळलं. गुरुजी दुसऱ्या पायरीवर पोचले होते.

"गुरुजी, थांबा," मी म्हणाले. "हे पानं नदीत नोका टाकू. तुमच्या पणजोबाच्या पोथीचेच हायेत. भोकं पाहा, जुळतात."