अडखळत लावलेलं लग्न

माझं नाव ज्या अक्षराने सुरू होतं, तेच अक्षर माझ्या तोंडातून निघत नाही. ‘प’ म्हणायला गेले की ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. ‘क’चंही थोडंफार तसंच. विठ्ठलवाडीला आमच्या चाळीत मला लहानपणी सगळे तोतरी म्हणायचे, आणि मोठी झाल्यावर मी बोलणंच कमी केलं. दुकानात बोट दाखवून वस्तू घ्यायची. तिकीट खिडकीवर ‘कल्याण’ म्हणता यायचं नाही म्हणून ‘शहाड’ म्हणायचं, आणि कल्याणला उतरायचं. अशी कितीतरी वर्षं मी शहाडचं तिकीट काढलंय.

एका ठिकाणी मात्र जीभ अडायची नाही. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना व्हायची. सगळ्या बायकांच्या आवाजात आवाज मिसळून मी गाथा म्हणायचे तेव्हा ‘प’ यायचा आणि निघून जायचा, मला पत्ताही लागायचा नाही. त्या पंधरा मिनिटांत मी चारचौघींसारखी असायचे. माझी श्रद्धा पुस्तकं वाचून आली नाही, तिथे बसून आली.

मग आई गेली. आमच्यात लग्न, नामकरण, मरणानंतरचं पुण्यानुमोदन असे विधी बौद्धाचार्य करतात. त्या दिवशी जे आले त्यांना पुढे आंबिवलीला दुसरा कार्यक्रम होता. गाथा इतक्या भरभर म्हटल्या की आम्हाला त्यांच्या मागे म्हणता येईना. आईचं नावही चुकीचं घेतलं. मी पुढेच बसलेले. मनात आलं, हे मी नीट केलं असतं. एकेक शब्द सावकाश म्हटला असता. आणि लगेच स्वतःचीच भीती वाटली. स्वतःचं नाव सांगता येत नाही ती बाई विधी करणार?

पण तो विचार काही गेला नाही. वर्षभराने मी नवऱ्याला सांगितलं. तो रिक्षा चालवतो, बोलण्यात पटाईत. जेवता जेवता थांबला.

“तू? बौद्धाचार्य?”

“हो.”

“अगं, लोक हसतील.”

“हसू देत.”

“तुला हसतील ते मला नाही बघवणार,” तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला. त्याला माझी लाज वाटत नव्हती, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी ते लाजेसारखंच लागलं.

मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेन लावायच्या मशीनवर होते. तिथे एकावेळी वीस मशीन चालतात, शेजारच्या बाईला काही सांगायचं तर खांद्याला हात लावावा लागतो. मला तेच हवं होतं. वंदनेची पुस्तिका मशीनच्या फळीखाली ठेवायची आणि दिवसभर मोठ्याने एकटीने म्हणायचं. अडले तर अडले, कोण ऐकतंय? पाणातिपाता हा शब्द मी त्या मशीनवर किती वेळा म्हटला असेन याला हिशोब नाही. पंचशिलातलं पहिलंच शील, जीवहिंसा न करण्याचं, त्या शब्दाने सुरू होतं, त्याला टाळून पुढे जाताच येत नाही.

एक दिवस दुपारी लाइट गेली. वीसच्या वीस मशीन एकदम बंद. आणि त्या शांततेत माझा एकटीचा आवाज, मोठ्याने, गाथेच्या मधोमध. मी घाबरून तोंड बंद केलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कामावर देखरेख करणारा मास्तर म्हणाला, “कौन गा रहा था?”

मग बटणं लावणारी एक मुलगी, आंबिवलीहून यायची, ती तिच्या जागेवरून म्हणाली, “ताई, थांबलात कशाला? पूर्ण करा ना. लाइट येईपर्यंत काय काम आहे?”

मी पूर्ण केलं. दोनदा अडले. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटीने, इतक्या लोकांपुढे, शेवटपर्यंत काहीतरी म्हटलं होतं. घरी जाताना रस्ता वेगळाच वाटत होता.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मी दहा दिवसांच्या शिबिराला नाव दिलं. तिथे राहायचं, पहाटे उठायचं, विधी शिकायचे, शेवटी तोंडी परीक्षा. नवरा सोडायला आला. पाण्याची बाटली तेवढी हातात दिली.

परीक्षेत मी नापास झाले. समोर तिघे बसलेले. पहिला प्रश्न साधा, नाव सांगा. माझे ओठ मिटले ते मिटलेच. मी तिथेच गळपटले. पुढच्या गाथा मला येत होत्या, पण तोंड उघडायचीच हिंमत राहिली नाही. त्यातले एकजण चांगल्या मनानेच म्हणाले, “ताई, धम्माचं काम अनेक प्रकारचं असतं. तुम्ही विहाराची व्यवस्था बघा.”

परत आल्यावर मी दोन रविवार विहारात गेले नाही. तिसऱ्या रविवारी आमच्या विहारातले सर्वांत जुने बौद्धाचार्य घरी आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, गिरणीत काम केलेले, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. चहा घेतला आणि म्हणाले, “म्हण बघू, पंचशील.”

मी म्हणायला लागले आणि अडले. घाईघाईने त्या शब्दावरून उडी मारून पुढे गेले.

“थांब,” काका म्हणाले. “तू अडतेस त्याचं मला काही नाही. अडलीस की पळतेस, ते वाईट दिसतं. समोरच्याला वाटतं हिने काहीतरी चोरलं. अडलीस तर उभी राहा तिथेच. माणसं थांबतात.”

“आणि नाही थांबली तर?”

“मग त्यांची वंदना अर्धी राहील, तुझी नाही.”

वर्षभर मी दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जात होते. ते शब्द शिकवत नव्हते, थांबायला शिकवत होते. पुढच्या शिबिरात नाव विचारलं तेव्हा मी अडले, उभी राहिले, समोरच्या तिघांकडे बघत राहिले, आणि शेवटी नाव आलं. प्रमाणपत्र मिळालं तेव्हा त्यावरचं ते नाव मी पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

पण प्रमाणपत्र असून मला कोण बोलावणार? आठ महिने कुणीच नाही. एक तर बाई, त्यात तोतरी. मग एक दिवस कारखान्यात ती आंबिवलीची मुलगी माझ्या मशीनजवळ आली. “ताई, माझं लग्न ठरलं. तुम्हीच लावायचं.”

“तुझ्या घरचे?”

“माझे तयार आहेत. सासरचं मी बघते.”

लग्न विठ्ठलवाडीलाच एका हॉलमध्ये होतं. माझ्या नवऱ्याने मला रिक्षातून सोडलं. पांढरी साडी, हातात पुस्तिका. मुलाचे मामा दारातच भेटले. “बौद्धाचार्य कुठायत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मीच.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत निघून गेले.

त्रिशरण, पंचशील सगळ्यांबरोबर होतं, ते सुरळीत झालं. मग वधूवरांच्या प्रतिज्ञा आल्या. त्या आधी मी एकटीने म्हणायच्या, मग त्यांनी. प्रतिज्ञा, पती, पत्नी. लग्नात किती ‘प’ असतात ते मला तेव्हा कळलं. पहिल्याच शब्दाला ओठ मिटले.

मी थांबले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, “प्रतिज्ञा!” आणि खसखस पिकली. मामा उठून मंचावर आले, हात पुढे केला. “द्या ती पुस्तिका इकडे. मी वाचतो.”

मी पुस्तिका छातीशी धरली. “मामा, तुम्ही बसा,” मी म्हणाले. “मला वेळ लागतो. पण म्हणणार मीच.”

“ताई, आम्हाला घाई नाही,” नवरी म्हणाली. नवरदेवही म्हणाला, “मामा, बसा ना.”

मामा बसले. तेवढ्यात हॉलवाला दारात आला, साडेचारला दुसरी पार्टी आहे म्हणून. दाराशी माझा नवरा उभा होता, तो थांबलाय हे मला तोवर कळलंच नव्हतं. त्याचा आवाज मला मंचावर ऐकू आला. “दहा मिनिटं थांब रे. माझी बायको लग्न लावतेय.”

आणि मग तो शब्द आला. पहिली प्रतिज्ञा झाली, दुसरी झाली. तिसरीला अडले तेव्हा कुणी हसलं नाही. चौथीला हॉल इतका शांत होता की पंख्यांचा आवाज येत होता. सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत होते, आणि तो शब्द आला की नवरानवरी तो म्हणत होती. हार घातले गेले, मंगल गाथा सुरू झाल्या, लोक उभे राहिले, फुलं अंगावर आली. मी रडत नव्हते. मी म्हणत होते, शेवटच्या ओळीपर्यंत.

जेवताना एक म्हातारी बाई मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसली. “इतकी लग्नं बघितली गं,” ती म्हणाली, “पण नवरानवरी एकमेकांना काय वचन देतात, ते आज नीट ऐकू आलं.” मामा शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, लांबच्या टेबलावर बसले. बसोत. माझ्या नवऱ्याने मात्र ताटात न विचारता दोन जिलब्या वाढल्या.

आता मला बोलावणी येतात. शहाड, आंबिवली, एकदा थेट ठाण्याहून. फोनवर मी आधीच सांगते, मी अडखळते, पाऊण तास जास्त धरा. परवा डोंबिवलीहून एका मुलीच्या वडिलांचा फोन होता. मी माझं नेहमीचं सांगितलं.

“चालेल की ताई,” ते म्हणाले. “जेवणवाल्याला उशिरा यायला सांगतो.”