सात नंबरचा फोटो

"घाई नाय. नीट बघा, मंग लिव्हा."

आमच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा टेबलावर फोटो मांडताना दर वर्षी एवढंच म्हणायचे. बारा फोटो होते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, प्रत्येकाखाली शाईने घातलेला आकडा. मामा खिशातल्या रुमालाने एकेक पुसून रांगेत ठेवायचे. सात नंबर सगळ्यात शेवटी पुसायचे आणि ठेवल्यावर बोटाने थोडा सरळ करायचे.

मामा म्हणजे शिपाई. आमच्या नाशिकच्या कॉलेजात शिपायाला मामा म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे नाव लक्षात ठेवायचे कष्ट वाचतात. तुमच्याही कॉलेजात असे कोणी मामा असतील. जरा त्यांचा चेहरा आठवून बघा. किल्ल्यांचा जुडगा आठवेल, चहाची किटली आठवेल, खाकी शर्ट आठवेल. चेहरा आठवला नाही, तर निदान माझ्यावर हसू नका. मी मानसशास्त्राची प्राध्यापिका, आणि माझी गत तुमच्याहून वाईट होती.

प्रयोग सोपा होता. विद्यार्थ्यांनी बारा अनोळखी चेहरे बघायचे आणि सगळ्यात प्रामाणिक कोण वाटतो इथपासून सगळ्यात लबाड कोण वाटतो इथपर्यंत एक ते बारा असे क्रम लावायचे. मग सगळ्यांचे क्रम फळ्यावर मांडून सरासरी काढायची, आणि मी शिकवायचं, की बघा, ज्यांना आपण कधी भेटलोही नाही त्यांच्याबद्दल आपण किती ठामपणे बोलतो. चेहरा देखणा असला की माणूस हुशारही वाटतो आणि सज्जनही. ह्याला वलय परिणाम म्हणतात. विद्यार्थी तो शब्द अधोरेखित करायचे.

सात नंबर दर वर्षी बारावा यायचा. फार तर अकरावा. डावी भुवई मधोमध दुभंगलेली, त्या बाजूची पापणी अर्धी मिटलेली, त्यामुळे हा माणूस कायम काहीतरी हेरतोय असं वाटायचं. नोकरीला लागल्यावर पहिली तीन वर्षं मी तो फोटो हातात धरून वर्गाला विचारत होते, "ह्या माणसाबद्दल आपल्याला अविश्वास का वाटतो? सांगा बरं." मुलं हसून उत्तरं द्यायची. "मॅडम, पाकीटमार वाटतो." "डोळ्यातच खोट आहे." मामा तेव्हा मागे माठात पाणी भरत असायचे.

तिसऱ्या वर्षी तास संपल्यावर ते फळा पुसता पुसता म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? तो सात नंबर मीच हाय."

मी फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तीच भुवई, तीच पापणी. केस तेवढे पांढरे झाले होते. तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्यासाठी दार उघडत होता.

त्यांची हकीकत अशी. ते नवे नवे कामाला लागले तेव्हा त्या वेळच्या विभागप्रमुखांना संचासाठी एक फोटो कमी पडत होता. ते म्हणाले, तुझा एक फोटो दे. मामांना वाटलं, ओळखपत्रासाठी असेल. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गावाहून, सायखेड्याहून, मुद्दाम नाशिकला येऊन, नवा शर्ट घालून त्यांनी फोटो काढला. तो कशाला लागला हे त्यांना कळलं ते फळ्यावर आकडे आले तेव्हा. त्यानंतर दर वर्षी ते आकडे तेच पुसत होते, कारण फळा पुसणं हे शिपायाचं काम.

"आणि डोळ्याला काय झालं होतं?"

"ल्हानपनी शेतात पाखरं हाकत व्हतो. भावाच्या गोफनीचा दगड लागला." मग हसून म्हणाले, "पोरान्ला सांगू नका. परयोग बिघडंल."

मी तो फोटो काढून टाकते म्हणाले, तर त्यांनी मानच हलवली. "ऱ्हाऊ द्या. कवातरी एखादं लेकरू मला पयला नंबर दील. तेवढं बघायचंय मला."

तेव्हापासून आमचा तो रिवाज झाला. प्रयोगाच्या दिवशी चिठ्ठ्या गोळा करून मामा माझ्या टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "सात नंबर काय म्हनतो, मॅडम?" मी चिठ्ठ्या चाळून सांगायचे, "अजून नाही, मामा." मग ते डस्टर उचलायचे. एका वर्षी एका मुलीने त्यांना चौथा क्रम दिला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागात सगळ्यांना पेढे वाटले. का, ते कोणाला सांगितलं नाही. सरांनी दोन पेढे खाल्ले आणि विचारलं, "काय मामा, नातू झाला का?"

हे सर म्हणजे माझे सहकारी. उंच, गोरे, बोलणं मधाळ. सामाजिक मानसशास्त्राचा पेपर तेच शिकवायचे, आणि छान शिकवायचे हे मी नाकारत नाही. माणसं एकमेकांना कशी जोखतात ह्यावर त्यांचं एक ठरलेलं व्याख्यान होतं. आपण स्वतः चुकलो की परिस्थितीला दोष देतो, दुसरा चुकला की त्याच्या स्वभावाला. मुलं टाळ्या वाजवायची.

आता जे सांगणार आहे ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

मामांच्या निवृत्तीला तीन महिने होते. प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. मुलांचे मोबाइल परीक्षेआधी एका ट्रेमध्ये जमा करायचे आणि तो ट्रे दाराशी स्टुलावर ठेवायचा, त्याच्याजवळ मामांनी बसायचं, असा नियम. परीक्षा संपली, मुलं फोन घ्यायला आली, आणि एका मुलीचा नवा फोन ट्रेमध्ये नव्हता. दुसऱ्या फोनवरून लावून पाहिला. रिंग जात होती, थोड्या वेळाने तीही बंद झाली. "बघा, बंद केला," कोणीतरी म्हणालं. तेवढ्यात सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. कोणी कोणाला खूण केली नव्हती.

प्राचार्यांच्या खोलीत चौकशी बसली. प्राचार्य, सर आणि मी. दोघे मानसशास्त्र शिकवणारे आणि एक आमचे साहेब. समोर मामा उभे. त्यांना बसा म्हणायचं कोणालाही सुचलं नाही.

"पिशवी दाखवा," प्राचार्य म्हणाले.

मामांनी पिशवी टेबलावर उलटी केली. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, बैलाच्या खुराला लावायच्या मलमाची डबी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले हरभऱ्याचे डहाळे. मला हिरवा हरभरा आवडतो म्हणून ते दर वर्षी त्या दिवसांत सायखेड्याहून आणायचे. सरांनी बोटाच्या टोकाने कागद उलगडून आत फोन नाही ना ते पाहिलं.

"ट्रे माझ्याजवळ व्हता, पन मधी मी सरांच्या हवाली करून गेलतो," मामा म्हणाले.

"मी नुसतं लक्ष ठेवलं," सर म्हणाले. "जबाबदारी तुमची होती."

सरांची बॅग त्यांच्या पायाशीच होती. ती उघडा असं कोणी म्हटलं नाही. माझ्या मनातसुद्धा आलं नाही, आणि मी हा विषय बावीस वर्षं शिकवत होते.

मग मी तोंड उघडलं. उघडलं नसतं तर बरं झालं असतं. मी विचारलं, "मामा, मधला अर्धा तास तुम्ही होतात कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो अर्धा मिटलेला डोळा आणि तो पूर्ण उघडा डोळा, दोन्ही माझ्यावर.

"चहाला गेलतो, मॅडम."

तेव्हा मला आठवलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंना चहा हवा होता, कँटीन बंद होतं, आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवरून चहा आणायला मीच त्यांना पाठवलं होतं. परीक्षा चालू असताना, नियम मोडून. हे मामांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी "तुम्हीच तर पाठवलं" म्हटलं नाही. मला अडचणीत आणायचं नव्हतं त्यांना. "हो, मीच पाठवलं होतं," एवढे चार शब्द माझ्याकडून निघायला हवे होते. मी समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायले.

"चहाला अर्धा तास?" प्राचार्य म्हणाले. "दोन दिवस घरी थांबा. पुढचं बघू."

तिसऱ्या दिवशी सकाळी सर हसतच विभागात आले. हातात तो फोन, बॅटरी संपून बंद पडलेला. "अहो, हा माझ्याच कपाटात! परीक्षेत सारखा थरथरत होता, म्हणून मी उचलून आत ठेवला, कुलूप लावलं आणि साफ विसरलो बघा." सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "सरांवर कामाचा ताण केवढा असतो." कोणीतरी चहा मागवला.

वाचलंत ना नीट? सर विसरले, तर तो कामाचा ताण. मामा चहाला गेले, तर ती नियत. ह्याच विषयावर सरांनी टाळ्या घेतल्या होत्या, आणि त्या खोलीत एकालाही ते व्याख्यान आठवलं नाही. माझ्या हातातली बशी मी टेबलावर इतक्या जोरात ठेवली की तिचा तुकडा उडाला. तेवढंच माझं शौर्य.

मामांना निरोप गेला, या कामावर. ते आले ते थेट प्राचार्यांकडे. मीही मागोमाग गेले.

"साहेब, मला लेखी द्या."

"काय लेखी?"

"मी फोन घेतला नाय म्हनून. शिक्का मारून द्या. गावात एसटीच्या कंडाक्टरपावतर गेलंय, की ह्यानं कॉलेजात चोरी केली."

प्राचार्य हसले. "मामा, आम्ही तुम्हाला लेखी चोर कुठे म्हटलं? मग लेखी निर्दोष कसं म्हणायचं? मिटलंय ते. मनाला लावून घेऊ नका."

मी प्राचार्यांना म्हणाले, "चहाला त्यांना मी पाठवलं होतं." बोलले एकदाची. तीन दिवस उशिरा.

"मॅडम, तुम्ही आता नवीन काही उकरू नका. कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे."

कॉलेजच्या नावाचा प्रश्न होता. मामांना नाव नव्हतंच, ते मामा होते.

त्या दुपारी मी कोऱ्या कागदावर सगळं लिहिलं. कोणी पाठवलं, फोन कुठे सापडला, सगळं, खाली माझी सही. प्रयोगशाळेत नेऊन मामांना दिलं. त्यांनी सावकाश वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"आता नको, मॅडम. तुमी तवाच बोलायला पायजे व्हतं."

एकतीस वर्षांच्या नोकरीत ते कोणाला एवढंच कडू बोलले असतील, आणि तेही आवाज न चढवता. मी रडले. माझ्या रडण्याने त्यांना कंडक्टरसमोर मान वर करता येणार नव्हती हे मला रडतानाच कळत होतं. त्या वर्षी पुन्हा डहाळे आले नाहीत.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ. सरांनी भाषण केलं, आणि त्यात "प्रामाणिकपणाचा मूर्तिमंत पुतळा" असे शब्द वापरले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. जराही हलला नाही. मामांना दोन शब्द बोला म्हणाले, तर त्यांनी फक्त हात जोडले.

नंतर ते प्रयोगशाळेत आले. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, फोटोंचा डबा उघडला.

"मॅडम, सात नंबर मी नेऊ का?"

"न्या, मामा."

त्यांनी तो रुमालाने पुसला, शालीच्या घडीत ठेवला आणि गेले. पायऱ्यांवर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी उभी होते. मग लक्षात आलं की डब्यात आता अकराच फोटो आहेत.

यंदा प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी घरी जुना अल्बम काढला. माझा विशीतला एक फोटो मिळाला. दोन वेण्या, काळ्या काठाचा चष्मा, इस्त्रीची साडी. तो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खाली सात आकडा घातला. दुसऱ्या दिवशी बारा फोटो मी स्वतः पुसून टेबलावर मांडले. घाई करू नका, नीट बघा, असंही म्हणाले. मुलांनी भराभर क्रम लावले. मी शेजारीच उभी होते. एकानेही फोटोकडे बघून माझ्याकडे पाहिलं नाही.

चिठ्ठ्या मीच गोळा केल्या, आकडे मीच फळ्यावर मांडले.

सात नंबर पहिला आला. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी त्याला पहिला क्रम दिला होता. मी कारण विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, डोळ्यांवरूनच कळतं. ही कधी खोटं बोलणार नाही."

मामा ह्या एका आकड्याची तीस वर्षं वाट बघत होते. मुलं गेली. मी डस्टर उचललं आणि फळा पुसला.