बेंचच्या उशाशी

महिपत शिवगण इद्रीसभाईंना चार वर्षं रोज पहाटे भेटत होता, पण खरं विचाराल तर त्यांच्याबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मूळचे नाटे गावचे, काही वर्षं बोटीवर होते, आता रत्नागिरीत राहतात, एवढंच. मुलं किती, हेही त्याने कधी विचारलं नाही. ठाऊक होती ती त्यांची व्यायामशाळेतली रीत. चपला दाराबाहेर जोडून ठेवत. उठल्यावर बेंचवरचा घाम स्वतःच्या पंच्याने पुसत. प्लेटा आवाज न करता जिथल्या तिथे टेकवत. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण नवख्यालाही "तुमचं झालं का?" असं विचारल्याशिवाय डंबेलला हात लावत नसे.

व्यायामशाळेत बेंच एकच, मिरजोळ्याहून वेल्डिंग करून आणलेला. सेट संपला नसेल तर पंचा रॉडवर टाकून जायचं, हे तिथे सगळ्यांना माहीत. शहाऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी थंडीमुळे दोघेच आले होते. महिपत पाणी प्यायला बाहेर गेला तो पंचा खांद्यावर घेऊनच. परत येतो तर इद्रीसभाईंनी त्याच्या प्लेटा उतरवून स्वतःच्या चढवलेल्या.

चूक आपली, हे महिपतला लगेच कळलं, आणि त्यामुळेच त्याचं डोकं फिरलं.

"का हो भाई, बेंच बोटीवरनं उतरवून आणलात की काय तुम्ही?"

इद्रीसभाई ओशाळले. माफी मागितली, तुझ्या प्लेटा परत चढवून देतो म्हणाले. महिपतने नको म्हणून तोंड फिरवलं आणि डंबेल घेऊन आरशासमोर जाऊन उभा राहिला. बेंचवर माणूस निजला की दुसऱ्याने हातातलं टाकून, रॉड अडला तर धरायला त्याच्या उशाशी उभं राहायचं, ही तिथली रीत, मग भांडण असो नाहीतर काही असो. इद्रीसभाई निजले, तरी महिपत हलला नाही.

पाच वेळा रॉड वर गेला. सहाव्या वेळी अर्ध्यात थबकला. महिपतला आरशात ते दिसत होतं. हाक मारू दे, मग जातो, असं त्याने ठरवलं. रॉड हळूहळू खाली येऊन छातीवर टेकला. टोकांचे नट घट्ट पिळलेले, त्यामुळे एका बाजूला कलवून प्लेटा पाडायचीही सोय नव्हती. इद्रीसभाईंनी जोर लावून पाहिला, तर रॉड गळ्याकडे सरकला. कोपरं थरथरू लागली. हाक आली नाही. आता ओरडतील, आता ओरडतील, म्हणून महिपत कान देऊन उभा. मग त्यांची मान कलली, आरशात नजरेला नजर भिडली, आणि त्यांनी ती झटकन बाजूला घेतली. चोरी जणू त्यांचीच पकडली गेली होती.

डंबेल टाकून महिपत धावला. दोघांनी मिळून रॉड स्टँडवर ठेवला. इद्रीसभाईंच्या गळ्याखाली लाल वळ उठला होता.

"हाक मारायला काय झालं होतं?" भीतीने महिपतचा आवाज चढला.

"तुझा सेट चालला होता ना," ते धापा टाकत म्हणाले.

हा टोमणा आहे का, हे महिपत त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिला. नव्हता. ते उठले, बेंच पुसला आणि प्लेटा उतरवू लागले. महिपतने दुसरी बाजू धरली. आरशातलं तो पुढे कधी बोलला नाही, आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

त्यानंतर इद्रीसभाई बेंचवर निजले की महिपत न बोलावता उशाशी जाई. मार्चच्या शेवटी ते पुन्हा बोटीवर गेले. ते त्याला आठवड्याने दुसऱ्याच कोणाकडून कळलं. शेवटच्या सकाळी त्यांनी जाण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी आठ वेळा रॉड वर गेला आणि महिपतने हात पुढे केले.

"अजून एक काढता?"

"नको. आज बास."

"बरं. सोडा, मी धरलाय."